मेव्हणा मागे राहिला

लोक म्हणतात, म्हातारा झालास, आता सोडून दे. काऊन सोडू? ज्यानं माझ्या आईला बाजारातून उठवलं त्याला मी माफ केलं नाही, करणारही नाही. तो साहेब मेला तेव्हा मी मयतीला गेलो नाही. घरी बसून मरळ माशाचा रस्सा खाल्ला आणि पुन्हा वाढून घेतला.

चांद्याजवळच्या एका कोळसा खाणीच्या टीममध्ये मी फुलबॅक होतो. हजेरी मजुरांत लागायची, पगार मजुराचा, पण खाणीत मी कधी उतरलो नाही. माझं काम फुटबॉल खेळायचं. देश स्वतंत्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. दसऱ्याच्या सुमारास चांद्यात स्पर्धा भरायची आणि आसपासच्या गावांतून बैलगाड्या भरभरून माणसं यायची. टीमचा सगळा कारभार खाणीतल्या एका बड्या साहेबाच्या हातात होता. दुसरा फुलबॅक त्याचा मेव्हणा. तो टीममध्ये कसा आला हे वेगळं सांगायला नको.

मी ढिवराचा, मासे धरणाऱ्याचा पोरगा. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं की आमची सगळी टोळी लांब जाळं धरून पाण्यात रांगेनं उभी राहायची. म्होरक्या ओरडायचा, "चाला रे!" की सगळ्यांनी एकदम पाऊल पुढं टाकायचं. एखादा मागे राहिला की तिथं जाळं ढिलं पडतं आणि सगळी मासळी तिथूनच पळते. मागे राहणाऱ्याला मग दिवसभर आयमायवरून ऐकावं लागायचं. मी ऑफसाइडचा डाव अगदी तसाच खेळायचो. समोरचा फॉरवर्ड आमच्या मागे घुसायला लागला की पास सुटायच्या आत आम्ही दोघा फुलबॅकांनी पुढं सरकायचं. तो आमच्या पाठीमागे एकटा सापडला की पंचाची शिट्टी. मेव्हण्याला मी हे कितीदा समजावलं. तो नुसती मान हलवायचा.

फायनलला बरोबरी चालली होती. खेळ संपत आला तेव्हा त्यांचा फॉरवर्ड मागे घुसला. मी "चाला रे!" म्हणून ओरडलो आणि पुढं सरकलो. बाजूला बघितलंसुद्धा नाही. तळ्यात कोणी बाजूला बघत नाही हो! शेजारचा चालणारच, हे धरलेलंच असतं. आणि हा राजा मागेच उभा, पाव्हण्यासारखा. तो मागे राहिला म्हणून फॉरवर्ड ऑफसाइड झालाच नाही. मोकळा गेला, गोल मारला, आम्ही हरलो. लोकांना काय दिसलं? मी त्याच्या वाटेतून बाजूला झालो, एवढंच दिसलं.

साहेब तरातरा मैदानात आला आणि सगळ्यांच्या देखत बोलला, "मासे विकून पोट भरलं नाही का रे? मॅचही विकलीस!"

मेव्हणा शेजारीच खाली वाकून बुटाची लेस बांधत होता. चूक कोणाची, त्याला पक्कं माहीत होतं. साहेबालाही माहीत होतं. पण घरचा माणूस वाचवायचा तर दुसऱ्या कोणाची तरी मान कापावी लागते, आणि माझी हाताशी होती. दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं.

नोकरी गेली त्याचं मला एवढं नाही. माझी आई चांद्याच्या बाजारात, जुन्या कोटाच्या दरवाज्यापाशी, टोपली घेऊन बसायची. तिची मरळ नावाजलेली होती, साहेबाच्या घरीसुद्धा तीच जायची. आता गिऱ्हाइकं टोपलीपाशी उभी राहून हसायला लागली. "बाई, मासे पोरानंच पकडले का? का सोडून देल्ले?" ती काही दिवस ऐकून घेत राहिली. मग एका बाजारी उठली ती पुन्हा त्या जागी बसली नाही. डोक्यावर टोपली घेऊन खेड्याखेड्यात दारोदार हिंडू लागली. मला म्हणाली, "मी तुले काई नाई म्हणत, बाबू. पण मले तिथी आता बसता येत नाई."

त्या दिवसापासून आईला तिच्या जागेवर परत बसवायचं आणि साहेबाच्या तोंडून चारचौघांत खरं वदवून घ्यायचं, एवढं एकच मनात राहिलं.

चांद्यात मला कोणी उभं करेना. छोट्या रुळाच्या गाडीनं वडश्याला गेलो. तिथल्या एका आरागिरणीची टीम होती. तिच्यात खेळलो, गुडघ्यानं दगा दिला तोवर. मग मालक म्हणाला, "आता पोराईले शिकव." पोरं कसली, लाकडं उचलून खांदे दगड झालेले गडी ते. काही ढिवर, काही गोंड, सगळे अनवाणी. मी फुलबॅकांच्या हातात दोर दिला आणि गिरणीच्या आवारात नुसतं चालायला लावलं. "चाला रे!" म्हटलं की दोर ताठच राहिला पाहिजे. एक जण वैतागून म्हणाला, "भाऊ, फुटबॉल शिकवून राह्यले का मासे धरायले?" मी म्हटलं, "दोन्ही एकच हाये. चाल."

त्यांना मी खेळ शिकवला, हे खरं. पण बॉलला लाथ मारताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी एकच चेहरा असायचा. शिकवणाऱ्यानं असं मनात धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

पुढं एका दसऱ्याला आम्ही चांद्यात फायनलला पोचलो आणि समोर खाणीची टीम आली. मेव्हणा आता कप्तान झाला होता, पोट सुटलं होतं. साहेब मंडपात खुर्ची टाकून बसला होता, कप त्याच्याच हातून द्यायचा होता. मी माझ्या फॉरवर्डांना एवढंच सांगितलं, "बॉल त्या कप्तानाच्या पाठीमागे टाका. पुन्हा पुन्हा तिथीच टाका. तो मागे राह्यते. त्याले चालता येत नाई."

आमचे फुलबॅक दोर धरल्यासारखे चालले. खाणीचे फॉरवर्ड ऑफसाइड होऊन होऊन पंचावर ओरडायला लागले. आणि खेळ संपता संपता जे व्हायचं तेच झालं. खाणीचा दुसरा फुलबॅक पुढं सरकला, मेव्हणा मागेच राहिला, आमचा गडी मोकळा गेला आणि गोल! हुबेहूब तोच गोल. मग जुन्या लोकांत कुजबुज सुरू झाली, "अरे, त्या टायमालेबी असंच झालं होतं ना?" मी साहेबाकडे बघत होतो. हरलं की दुसऱ्या फुलबॅकवर खेकसायचं, ही त्याची रीत. या वेळी खुर्चीतून उठला, कुजबुज ऐकली आणि परत बसला.

कप देताना त्यानं हात पुढं केला. मी कप घेतला, हात घेतला नाही. वडश्याची पोरं मला खांद्यावर घेऊन नाचत होती. पण जिंकून काय उपयोग, साहेब खरं बोलला तर नाही!

पुढच्या बाजारी मी आईला घेऊन गेलो. ती दरवाज्यापाशी, आपल्या जुन्या जागेवर बसली. टोपलीत मरळ वळवळत होती. फायनल बघितलेल्यांची गर्दी जमली, आणि गर्दीत पिशवी घेऊन साहेब. घरी पाहुणे असावेत. मान खाली घालून म्हणाला, "बाई, मरळ द्या."

आई मासे झाकून म्हणाली, "साहेब, माह्या पोरानं मॅच विकली होती का?"

आजूबाजूच्या बाया भाव करायच्या थांबल्या. साहेब पुटपुटला, "नाही."

"मले कमी ऐकू येते."

"नाही विकली, बाई!" तो जवळजवळ ओरडलाच. बाजारानं ऐकलं.

"मंग जा आता घरी. हे मासे पोराच्या टीमसाठी हायेत."

तो रिकामी पिशवी घेऊन वळला. आईनं मागून हाक मारली, "अन् साहेब, मेव्हण्याले सांगजा, चाला रे म्हटलं का चाला लागते!"