रोडगा काय म्हणतो

नाताळच्या सुट्टीत दादा पुण्याहून घरी आला की महागावजवळच्या आमच्या शेतात रोडग्यांचं जेवण व्हायचं. एरवी बाबांना पाणीसुद्धा हातात आणून द्यावं लागायचं, पण त्या दिवशी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांजवळ ते कुणाला फिरकू देत नसत.

आई जाड दळलेली कणीक मोहन घालून घट्ट भिजवायची, गोळ्यावर पारी, पारीवर पारी चढवून रोडगे वळायची. शेजारच्या चुलीवर वांग्यांची भाजी. तिच्यात ओल्या तुरीचे दाणे हवेतच. त्या शेंगा सोलायचं काम माझं, आणि निम्मे दाणे माझ्याच पोटात जायचे.

रोडगे राखेत पुरले की बाबा उकिडवे बसत. बऱ्याच वेळानं काठीनं एक बाहेर ओढून, फडक्यात धरून कानाशी न्यायचे आणि बोटाच्या पेरानं ठोकायचे. कच्चा रोडगा बद्द वाजतो, शिजलेला पोकळ.

"बाबा, काय म्हनते रोडगा?" मी विचारायची.

"थांबा म्हनते," ते म्हणत, आणि तो पुन्हा राखेत जाई. शेवटी एकदाचं "झालो म्हनते" आलं की मी ताटं मांडायला पळायची. दादा घड्याळ दाखवून घाई करायचा. बाबा त्याला हुसकावून लावायचे आणि मला फार बरं वाटायचं.

गेल्या काही वर्षांत बाबांचे कान गेले. कानातलं यंत्र आणलं, ते डबीसकट कपाटात आहे. तरी गेल्या साली त्यांनी नेहमीसारखा रोडगा ठोकला, मान हलवली आणि सगळे बाहेर काढले. दादानं एक फोडला, तर आत ओली कणीक.

"बाबा, पुढच्या वर्षी ओव्हनमध्येच करू," तो हसून म्हणाला. त्याची पोरंही हसली. बाबांनी आपला कच्चा रोडगा तुपात कुस्करून सगळा खाल्ला, एक कणही टाकला नाही. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. मी त्या वेळी गप्प बसले, त्याचा जास्त येतो.

यंदा दादा यायच्या आधी बाबा म्हणाले, "पोळ्याच करा आता. रोडग्याचा कायले पसारा?"

माझं डोकंच फिरलं. मी स्वतः गोवऱ्या गोळा केल्या, आईला कणीक भिजवायला लावली. शेतात बाबा विस्तवाकडे पाठ करून बसले आणि मुकाट्यानं तुरीच्या शेंगा सोलू लागले. ते माझं लहानपणीचं काम होतं.

रोडगा काढायची वेळ झाली. मी एक ओढला, कानाशी नेला, ठोकला. काहीच कळेना. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसले, पण रोडग्याचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मी नुसता त्यांचा चेहरा बघत असे.

पुन्हा ठोकला. मग तिसऱ्यांदा. मागं शेंगांची टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला आणि बाबा येऊन माझ्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी रोडग्याकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय म्हनते व?" त्यांनी शेतभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं.

मी पुन्हा ठोकला, या वेळी कान देऊन. बद्द.

"थांबा म्हनते!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

त्यांनी माझ्या हातातला रोडगा काढून घेतला, काठीनं राखेत ढकलला आणि वर निखारे सारखे केले. तेवढ्यात दादा ताट घेऊन आला आणि घड्याळावर बोट ठेवून उभा राहिला.

"तिकडं बस," बाबा त्याच्यावर खेकसले. "थांबा म्हनते तो."