कॅबिनेटची हवा

माझा जुना कॉम्प्युटर एका लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग चालू असतानाच गेला. वाजणं नाही, धूर नाही, स्क्रीन नुसता काळा झाला. दुकानदाराने तो उघडला आणि आतल्या पंख्यावरून सुताच्या धुळीचा एक थर सोलून काढला. चांगला जाड, टॉवेलच्या तुकड्यासारखा.

"तुमच्याकडे माग आहेत का?" त्याने विचारलं.

भवानी पेठेत आमच्या घरात खालच्या मजल्यावर चार यंत्रमाग आहेत आणि ते वडील चालवतात. वरच्या खोलीत मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, आणि काम संपलं की गेम खेळतो.

"पंखा आवाज करत होता?"

"दोन-तीन महिने."

"मग?"

"सवय झाली होती."

तो म्हणाला, "हवा घेणारी वस्तू आहे ही. आत धूळ बसली की आतल्या आत तापत राहते, आणि एक दिवस बंद पडते. आवाज तेवढा आधी करते." मला त्याचा राग आला. चूक माझी असली की मला समोरच्याचा राग येतो.

वडिलांना खोकला होता. मागावरच्या सगळ्यांनाच असतो, असं आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो, आणि मला ते पटलेलं होतं.

नवा कॉम्प्युटर मी एकेक भाग निवडून बनवून घ्यायचं ठरवलं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एका संध्याकाळी ठरलं. व्हिडिओसाठी रॅम दुप्पट, उन्हाळ्यात वीज वरखाली होते म्हणून पॉवर सप्लाय चांगल्यातला. अडलो ते कॅबिनेटवर. हवा कुठून आत येणार, कुठून बाहेर जाणार, हे मी तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून वाचत होतो. आत हवा ढकलणारे पंखे बाहेर काढणाऱ्यांपेक्षा जास्त हवेत, म्हणजे फटींतून धूळ शिरत नाही. प्रत्येक पंख्यापुढे जाळी हवी, आणि ती काढून धुता आली पाहिजे. दुकानदार कंटाळला. "साहेब, एवढं तर कुणी विचारत नाही," म्हणाला.

जेवताना मी हे सगळं वडिलांना सांगायचो. ते कौतुकाने ऐकायचे. एकदा म्हणाले, "धुळीचं लई बघतोस की." मध्येच ते उठून मोरीकडे जायचे, खोकून यायचे. ते येईपर्यंत मी मोबाईलवर पुढचं कॅबिनेट बघायचो.

सामान आलं त्या दिवशी कॅबिनेटचं खोकं त्यांनीच उचललं. जिन्याच्या मध्यावर ते थांबले, भिंतीला हात टेकून. मला वाटलं, खोक्यावरचं वाचतायत. "सांभाळून, काचेचं आहे," मी वरून म्हणालो. ते बराच वेळ तिथेच उभे होते.

मशीन सुरू झालं. पंख्यांचा आवाज असा नव्हताच. पहिली चाचणी म्हणून मी आमच्या मागांचाच एक व्हिडिओ घेतला. दोन महिन्यांपूर्वी मागाशेजारी कॅमेरा स्टँडवर लावून ठेवला होता, बारा मिनिटं. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं. तो खडखडाट काढून टाकायला मी नव्या मशीनला सांगितलं. जुन्या कॉम्प्युटरला जे जमलं नसतं, ते याने एका मिनिटात केलं.

हेडफोनमध्ये खोकला ऐकू आला. थोड्या वेळाने पुन्हा. व्हिडिओत वडील दिसत नव्हते, ते कॅमेऱ्यामागे कुठेतरी होते. मला वाटलं, संपेल. सवयीने मी प्रत्येक खोकल्याला टाइमलाइनवर खूण करत गेलो. आधी खुणा लांब लांब पडत होत्या. शेवटच्या दोन मिनिटांत त्या एकमेकींना चिकटल्या, आणि दोन खोकल्यांच्या मध्ये आत ओढलेल्या श्वासाची शिट्टी ऐकू येऊ लागली. इतकी वर्षं हे माझ्या पायाखाली चालू होतं, आणि मी वर हेडफोन लावून बसलो होतो.

माग बंद करून वडील वर आले. काय ऐकतोयस म्हणून त्यांनी हेडफोन कानाला लावला. स्वतःचा खोकला त्यांनी शांतपणे ऐकला.

"मशीन भारी हाय," ते म्हणाले. "एवढं सगळं काढलंस, मग ह्यो आवाजबी काढ की. निघतो न्हवं?"

निघत होता. एका क्लिकमध्ये निघाला असता.

"उद्या माग बंद ठेवा," मी म्हणालो. "छातीचा फोटो काढायचाय."

ते हसायला गेले आणि त्यांना ढास लागली. खाली माग बंद होते, त्यामुळे या वेळी ती मला नुसत्या कानांनी ऐकू आली. ती थांबायची वाट बघत मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो, आणि ती थांबत नव्हती.