तोंडाला वास येत नव्हता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की आमच्या मिलमधला बिपिन नावाचा कारागीर आजारी पडला आणि गावी गेला. ते खोटं नाही. पण ते — कसं सांगू — सगळं नाही.

मी पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. वडील धुळ्याकडून राज्याची सीमा ओलांडून इथे आले. त्यांनी जन्मभर कापडाचे ताके उचलले. मी चार इयत्ता जास्त शिकलो म्हणून मला खुर्ची मिळाली. वडिलांना गेटवर नावाने कोणी हाक मारायचं नाही — ‘ए खानदेशी’ म्हणायचे. घरी आले की तेवढ्यावरून ते जेवायचे नाहीत. हे बघत मोठा झालेला माणूस, त्याला तरी कळायला हवं होतं ना? पण खुर्चीत बसल्यावर माझ्याही तोंडी तेच आलं. यूपीवाला भांडखोर, उडिया दारुडा. राज्यात दारूबंदी, तरी यांना बरोबर मिळते — असं मी चहा पिता पिता सहज बोलायचो. माझा सख्खा मेहुणा सीमेपलीकडच्या नवापूरहून पिऊन डुलत घरी यायचा, तेव्हा मात्र आम्ही म्हणायचो, बिचाऱ्याला टेन्शन आहे.

बिपिन ओडिशाचा. उकळत्या रंगात कापड फिरतं त्या मशीनवर सहा वर्षं माझ्या हाताखाली होता. कमी बोलायचा. डब्यात पाण्यात भिजवलेला भात आणायचा, कोपऱ्यात बसून जेवायचा. तो प्यायल्याचं मी कधी पाहिलं होतं का? नाही. पाहायची गरजच वाटली नव्हती.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तो मशीनला टेकून उभा दिसला. एक पाय ओढत होता. मी हाक मारली तर काहीतरी बरळला, शब्द कळेना. तोंड एका बाजूला गेलं होतं — हे मला दिसलं होतं. शेजारच्या मशीनवरचा माणूस म्हणाला, “साब, ये पीता नहीं है. तबियत खराब है इसकी.”

मी जवळ गेलो. त्याच्या तोंडाशी नाक नेलं. घामाचा वास होता, रंगाचा होता. दारूचा नव्हता.

तेवढ्यात मॅनेजर आले. त्यांनी विचारलं, “काय झालं?” आणि मी म्हणालो, “पिऊन आलाय. वास मारतोय.”

का म्हणालो? वर्षानुवर्षं मीच सांगत आलो होतो की हे लोक असेच — आणि समोर तसाच डुलणारा माणूस. नाकाने सांगितलं ते मी मानलंच नाही. मॅनेजर म्हणाले, बाहेर काढा. दोघांनी त्याला धरून गेटबाहेर भिंतीच्या सावलीत बसवलं. मी आत जाऊन पुढची घाण लावली — रंगात सोडायच्या कापडाला आमच्याकडे घाणच म्हणतात.

सात वाजता पाळी सुटली तेव्हा त्याचा भाऊ बाबुला त्याला न्यायला आला. तोवर बिपिन एका कुशीवर कलंडला होता. तीन तास. येणारे-जाणारे बघून पुढे जात होते. वॉचमन त्यांना सांगत होता, दारू प्यायलाय.

लकवा होता. दवाखान्यात डॉक्टर बाबुलाला म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. बिपिन वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली.

इथवरचं चूक म्हणून सांगता आलं असतं कदाचित. पुढचं नाही येत.

महिन्याभराने त्याला गावी नेण्याआधी बाबुला मिलमध्ये आला. सगळ्यांसमोर नाही, मला बाजूला घेऊन त्याने विचारलं. हात जोडलेले होते.

“साब, गाँव में सब बोल रहे हैं पी के गिरा. माँ बहुत रोती है. भाई तो बोल नहीं सकता. आप सामने थे. सच में पिया था क्या?”

आजूबाजूला कोणी नव्हतं. मॅनेजर नव्हते. एक शब्द बोलायचा होता. त्याची आई निदान त्या एका गोष्टीसाठी रडायची थांबली असती.

मी म्हणालो, “हां. पिया था.”

त्याने मान खाली घातली. मग — हे मला सगळ्यात जास्त छळतं — तो मला म्हणाला, “माफ करना साब, आपको तकलीफ हुई.” आणि गेला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बिपिन आहे की नाही, मला माहीत नाही. शोधायला गेलो असतो तर कळलं असतं. मी गेलो नाही. आमच्या खात्यात ओडिशाचा नवा माणूस लागला की जुने लोक त्याला बजावून सांगतात — इथे एक होता, पिऊन मशीनवर आला, हात गमावून बसला, तू नीट राहा. सांगताना ते माझ्याकडे बघतात, कारण मी तिथे होतो.

मी मान हलवतो.