पुसलेल्या लाल फुल्या

तेरणेला पूर आला त्या वर्षी माझी पोस्टिंग एका सिग्नल युनिटमध्ये होती. मी मेजर होते. धाराशिव जिल्ह्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, नदीकाठच्या वस्त्या तुटल्या होत्या आणि प्रशासनानं सैन्याची मदत मागितली होती. इंजिनिअर्सची एक तुकडी बोटी घेऊन आधीच पोचली होती. अशा तुकडीला आम्ही कॉलम म्हणतो. त्यांच्या बोटींचा कंट्रोलरूमशी संपर्क मधेमधे तुटत होता, म्हणून मला एक रिले सेट, उंच अँटेना आणि दोन जवान देऊन मागून पाठवण्यात आलं. मी मूळची कळंबची. स्वतःच्या जिल्ह्यात युनिफॉर्मवर कामाला येण्याची माझी ती एकमेव वेळ.

आम्ही सकाळी पोचलो. कंट्रोलरूम झेडपीच्या शाळेत होती. बाकं भिंतीला लावलेली, मधे टेबल, टेबलावर कॉलमचा कॉम्प्युटर, बाहेर व्हरांड्यात जनरेटर. कॉम्प्युटर जुना होता, त्यावर विंडोज एक्सपी चालत होती. याबद्दल नंतर बरंच बोललं गेलं, म्हणून आधीच स्पष्ट करते. प्रत्येक बोटीवर एक छोटा डबा बसवलेला असे. तो डबा बोटीचं ठिकाण रेडिओनं दर मिनिटाला कॉम्प्युटरला कळवी आणि नकाशावर त्या बोटीचा ठिपका दिसे. हे पकडणारं कार्ड आणि त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालत असे. मशीन इंटरनेटला जोडलेलं नव्हतं. त्याला नेमून दिलेलं काम ते करत होतं. सैन्यात याहून जुन्या कितीतरी वस्तू रोज काम करतात.

मी आधी पुलाजवळ गेले, कारण डबे बोटींवर नीट बांधलेत का ते पाहायचं होतं. बोट नंबर दोन हवालदार महादेव टेळे यांच्याकडे होती. चाळिशीच्या आतला, रुंद खांद्याचा माणूस. माझं नाव वाचून त्यांनी सरळ मराठीत विचारलं.

"मॅडम कुठल्या?"

"कळंबची."

"मंग आपल्याच की. आमी तेरच्या अलीकडचं. माझ्या बापानं जन्मभर कळंबच्या मोंढ्यात तूर इकली, एकदाबी मनासारखा भाव मिळाला न्हाय. तुमच्यात कुणी आडत्या हाय का?"

"नाही. वडील मास्तर होते."

"मंग वाचलात."

बोटीवरचा दुसरा जवान, सॅपर मुरुगन, मराठी न कळताही हसला. टेळ्यांनी डब्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो भिजला तर?"

"भिजला तर ठिपका गेला. उंच बांधा."

त्यांनी बोटीच्या कडेला एक लोखंडी पाईप उभा केला आणि डबा त्याच्या टोकाला तारेनं आवळला. "आता मी बुडालो तरी ह्यो वर राहील," म्हणाले. मी म्हटलं, लाईफ जॅकेटचा पट्टा घट्ट करा. त्यांनी केला.

बोटी निघाल्या. मी शाळेत परतून छतावर चढले आणि अँटेना उभारायला घेतली. दुपारपर्यंत सगळं नेहमीसारखं चाललं. बोट जायची, माणसं आणायची, डिझेल भरायचं, पुन्हा जायची. संपर्क सुधारला. मी शेवटचा ताण बांधत असताना खालून नाईक यादवनं हाक मारली. तो कॉम्प्युटरचा ऑपरेटर.

"मॅडम, स्क्रीन फ्रीज हो गया."

मी खाली आले. ठिपके गोठले होते. रीस्टार्ट केलं. मशीन अतिशय सावकाश उठलं, नकाशा अर्धा उघडला आणि पुन्हा अडकलं. त्याच वेळी रेडिओ वाजला.

"कंट्रोल, बोट टू. इंजिन बंद. पंखे में तार फँसा है. सात सिव्हिलियन साथ में. बह रहे हैं. ओव्हर."

"बोट टू, कंट्रोल. लोकेशन? ओव्हर."

यानंतर टेळे रेडिओचा शिरस्ता सोडून मराठीत बोलले. "चारीकडं ऊस हाय मॅडम. खूण काय न्हाय. ठिपका बघा."

त्यानंतर त्यांचा सेट बोलला नाही. पाण्यात गेला असणार.

बोट नंबर एक पुलाजवळ तयार उभी होती. तिचे सुभेदार मला एवढंच विचारत होते की कुठं जायचं. नदी पात्र सोडून शेतात पसरली होती आणि पुलाच्या खाली तिचे दोन प्रवाह झाले होते, एक जुन्या पात्रातून, दुसरा उसातून. चुकीच्या प्रवाहात उतरलेली बोट पाण्याच्या ओढीविरुद्ध परत वर येऊ शकली नसती. ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टरचा प्रश्नच नव्हता. ठिकाण कळेपर्यंत बोट सोडायची नाही, हा सुभेदारांचा निर्णय बरोबर होता. मीही तोच घेतला असता.

आता सगळं त्या मशीनवर आलं. एक्सपीत मशीन तपासायची साधनं आतच दिलेली असतात, वेगळं काही आणावं लागत नाही. आजारी मशीन सेफ मोडमध्ये चालू करता येतं. म्हणजे जेवढ्यास तेवढं चालू होतं, बाहेरून जोडलेल्या कार्डांना ते हात लावत नाही. मी तसं केलं. ते चाललं, अडकलं नाही. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. मशीनला आत काही खुपलं की ते स्वतःच तिथं वेळेसह नोंदवून ठेवतं. किरकोळ गोष्टीला पिवळी खूण, गंभीर गोष्टीला लाल फुली. हार्डडिस्क सहसा एका दिवसात मरत नाही. आधी काही आठवडे लाल फुल्या पडत राहतात आणि डिस्कचा भाग वाचता येत नाही, असं त्यांच्यापुढे साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं. वाचायला दोन मिनिटं पुरतात.

माझ्यासमोरचा लॉग जवळजवळ कोरा होता. सुरक्षेच्या भागात एक ओळ होती, की हा लॉग अमुक दिवशी अमुक लॉगिननं साफ केला. तारीख गेल्या आठवड्यातली. बाकी होत्या त्या त्यानंतर मशीन चालू-बंद केल्याच्या मोजक्या नोंदी. इथं पोचेपर्यंत ते पेटीतच होतं, इथं आल्यावर दुपारपर्यंत बिनतक्रार चाललं आणि आता ते इतक्या झटकन अडकत होतं की नवीन काही लिहायला त्याला सवड मिळाली नव्हती.

"यादव, हे कोणी साफ केलं?"

"मैंने, मॅडम."

"का?"

"इन्स्पेक्शन था. टू-आय-सी साब का ऑर्डर था. लाल कुछ नहीं दिखना चाहिए."

"काय लिहिलं होतं त्यात?"

त्याला आठवत नव्हतं. खूप होत्या, एवढंच सांगू शकला.

टू-आय-सी म्हणजे इंजिनिअर्सच्या त्या युनिटचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. ते कॉलमसोबतच होते आणि त्या वेळी माझ्या मागे उभे होते. त्यांना जाब विचारायला वेळ नव्हता.

आता अंदाजानं काम करणं भाग होतं. सेफ मोडमध्ये मशीन अडकत नव्हतं आणि सेफ मोडमध्ये कार्ड बंद असतं. म्हणून पहिला संशय कार्डावर. केबल बदलली. मशीन पूर्ण चालू केलं, पुन्हा अडकलं. जनरेटरचा प्रवाह वरखाली होत असेल म्हणून त्याला गाडीच्या बॅटरीवर टाकलं. पुन्हा तेच. प्रत्येक रीस्टार्ट चहा उकळून खाली उतरेल एवढा वेळ खात होता. रेडिओवर सुभेदार. "मॅडम, बस दिशा बता दीजिए." मी तेच उत्तर देत होते. "वेट. आउट."

मग कार्डाचं सॉफ्टवेअर काढून सीडीवरून नव्यानं टाकायला घेतलं. अर्ध्यात मशीननं सांगितलं की फाईल डिस्कवर लिहिता येत नाही. तेव्हा कळलं. चेकडिस्क लावली, डिस्क तपासायचं हे साधनही मशीनमध्येच असतं. खराब भागांचा आकडा समोर वाढताना दिसत होता. कार्डाचं सॉफ्टवेअर नेमकं त्याच भागात होतं, म्हणून सेफ मोडमध्ये मशीन अडकलं नव्हतं. जनरेटर बंद करायला लावला, तर डिस्कची टकटक कानानं ऐकू आली.

राखीव डिस्क स्टोअरच्या ट्रकमध्ये होती. सगळं भरलेली, सील केलेली, अशाच प्रसंगासाठी ठेवलेली. ती बसवून मशीन उठवायला फार वेळ लागला नाही. नकाशा उघडला. बोट दोनचा ठिपका उसाच्या बाजूला, पुलाखाली बऱ्याच अंतरावर, एका जागी स्थिर होता. पाईपच्या टोकावरचा डबा अजून बोलत होता. मी दिशा दिली. बोट एक त्याच क्षणी सुटली.

तिला सापडलं ते असं. उसाच्या मधोमध सिमेंटच्या छताचं एक पंपहाऊस. त्याच्या भिंतीला बोट दोन आडवी अडकलेली, अर्धी बुडालेली, पाईप वर. छतावर वस्तीवरची सात माणसं आणि सॅपर मुरुगन. टेळे नव्हते.

त्यांनी एकेकाला खांद्यावरून छतावर चढवलं होतं. मुरुगनला आधी वर पाठवलं, हात द्यायला. शेवटच्या माणसाला ढकलताना बोट कलंडली आणि ते प्रवाहात गेले. थोड्या अंतरावर एक बाभूळ पाण्याबाहेर होती. तिला त्यांनी मिठी मारली. तिथून ते छतावरच्या लोकांशी बराच वेळ बोलत होते. दोर बोटीसोबत अडकला होता, मुरुगन त्यासाठी पाण्यात उतरायला निघाला तर टेळ्यांनी त्याला जागेवर राहायची ऑर्डर दिली. लोकांना सांभाळायला वर कुणीतरी हवं होतं.

छतावर एक म्हातारी होती. नंतर शाळेत ती मला म्हणाली, "लई बोलत व्हता गं बाई. म्हणला, आजी, घाबरू नका. मॅडमच्या मशीनवर आपला ठिपका दिसतुया. निगाली आसंल बोट. मला म्हणला, तवर तुमी सूनबाईच्या चुगल्या सांगा, मी हितं मोकळाच हाय."

बोट पोचायच्या थोडंच आधी बाभळीचं खोड मुळासकट उपटलं. लाईफ जॅकेटसह टेळ्यांचा देह दुसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्याजवळ सापडला.

त्याच दिवशी संध्याकाळी मी टू-आय-सींसमोर गेले. ते हुद्द्यानं मोठे होते. मी सॅल्यूट केला आणि विचारलं, लॉग साफ करायला का सांगितलं.

"इन्स्पेक्शनमध्ये लाल दिसलं की वीस प्रश्न येतात, मॅडम."

"एका प्रश्नाचं उत्तर दिलं असतं तर डिस्क बदलली गेली असती. स्पेअर ट्रकमध्येच होती."

"सगळ्या युनिटमध्ये करतात."

"ताप आला की थर्मामीटर धुऊन ठेवता का सर?"

त्यांनी मला तुम्ही थकला आहात, आराम करा, असं सांगितलं. मी थकलेली नव्हते.

एका बाबतीत ते खरं बोलले. सगळे करतात. इन्स्पेक्शनच्या आधी झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो, रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागतो, गवत एका उंचीचं होतं. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही. पण जी वस्तू स्वतःचं दुखणं सांगते तिचं तोंड पुसणं ही सजावट नाही. मोडलेल्या पुलावरची धोक्याची पाटी पाहुणे येणार म्हणून काढावी, तसलं ते आहे. यादवनं ऑर्डर पाळली. ऑर्डर देणाऱ्यांना कुणीतरी कधीतरी तसंच शिकवलं असेल. म्हणून मी इथं त्यांचं नाव देत नाही. चौकशीत दिलं होतं.

चौकशीत मी ती डिस्क दुसऱ्या मशीनवर तपासून आलेला निकाल ठेवला. तेवढे खराब भाग एका दिवसात होत नाहीत, हे सांगितलं. लॉग साफ केल्याची ओळ दाखवली. अध्यक्षांनी विचारलं, "मेजर, लॉग साफ केल्यानं डिस्क खराब झाली का?"

"नाही, सर. ती खराब आहे हे कळायचं बंद झालं."

"म्हणजे बिघाड डिस्कचाच."

निष्कर्ष तोच आला. उपकरण जुने असल्याने बिघाड. मशीन निकालात काढलं. नवीन मशीन आलं. त्याचे लॉग इन्स्पेक्शनच्या आधी साफ होतात की नाही, हे मी सांगू शकत नाही. माझी बदली झाली होती.

आता मी निवृत्त आहे, कळंबला राहते. टेळ्यांच्या गावी दर वर्षी त्यांच्या फोटोला हार घालतात. मीही जाते. गेल्या खेपेला एका वक्त्यानं माईकवर सांगितलं की आपल्या वीर जवानाचा घात एका जुनाट मशीननं केला. टाळ्या पडल्या. मी कार्यक्रम संपल्यावर टेळ्यांच्या घरी गेले. त्यांची बायको सुमन ज्वारी पाखडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं मला पाणी दिलं.

"ते काय म्हणले ते खरं हाय का मॅडम? मशीन जुनं व्हतं?"

मी तिला सगळं सांगितलं. लाल फुल्या काय असतात, कशा पडतात, कोणी आणि का पुसल्या. तिनं माझं सांगून झाल्यावर विचारलं, "म्हंजी मशीन आधीच वरडत व्हतं."

"हो."

"आन् सायबांनी त्याचं तोंड दाबलं."

"हो."

"मंग हे कागदावर कुठं हाय?"

"माझ्या जबानीत आहे. निकालात नाही."

ती उठली, सूप परत घेतलं. "मंग तुमीच लिवा. मास्तराची लेक न्हवं का तुमी? आमच्या ह्यांनी त्या दिसी बोट काढायच्या आदी फोनवर सांगितलेलं."

लिहिलं आहे. हवालदार महादेव टेळे, इंजिनिअर्स. त्यांच्यामागे पत्नी, दोन मुली आणि आई. पंपहाऊसच्या छतावर त्यांनी चढवलेली सात माणसं जिवंत आहेत. मशीन जुनं होतं म्हणून ते गेले नाहीत.