काकांचं वाऱ्याचं दार

आमच्या काकांना शुगर होती, आणि शुगर असलेल्या माणसाला गावात सल्ल्यांचा तोटा नसतो. जोयड्याच्या डॉक्टरीणबाईंनी एकच सांगितलं होतं, "अनवाणी चालू नका." हे इतकं साधं होतं की काकांना ते औषध वाटलंच नाही.

मग रामनगरात चिनी वैद्यकाचं शिबिर भरलं. शिबिरवाले गृहस्थ कधी चीनला गेले नव्हते, पण त्यांच्याकडे माणसाच्या पाठीचा मोठा तक्ता होता. मानेमागे बोट टेकवून ते म्हणाले, हे वाऱ्याचं दार. रोग इथूनच शिरतो आणि अंगाचा पहारेकरीही इथंच उभा असतो. वर प्रतिकारशक्तीसाठी लाकडावरच्या आळंब्याची पूड दिली. तसली आळंबी आमच्या फणसाच्या बुंध्यावर फुकट उगवतात, पण त्यांना डबा नसतो.

त्या दिवसापासून काका भर उन्हात मफलर गुंडाळून हिंडू लागले. मान बंदोबस्तात, पाय उघडे. सुगीत तर बोलायलाच नको. खळ्यावरचं भात म्हणजे लक्ष्मी. तिथं चप्पल घालून जायचं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तिथंच बांबूचं बारीक टोक काकांच्या पायाच्या अंगठ्यात मोडून राहिलं. शुगरनं पाय बधिर, त्यांना पत्ताच नाही. काकीला वास आला तेव्हा अंगठा काळा पडला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतात. धडधाकट माणसाच्या वाटेला जात नाहीत. अंगातली ताकद घटली की डाव साधतात."

"म्हंजे भाऊबंदच की ओ बाई," काका म्हणाले. मफलर गळ्यात होताच.

अंगठा गेला, पाय वाचला. श्रेय काकांनी आळंब्याला दिलं. मला असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

पुढच्या सुगीला काका चप्पल घालून खळ्याच्या कडेला थांबले. चप्पल घालून ते आत येईनात आणि काकी काढू देईना. आपल्याच खळ्यावर परक्यासारखे उभे होते.

काकी घरात गेली आणि कोरी चप्पल घेऊन आली. चपलेला हळदकुंकू लावलेलं होतं.

"ही रस्त्यावर गेल्याली न्हाई, जाणार बी न्हाई. खळ्यापुरतीच हाय. लक्ष्मीला चालतंय. घाला."

काकांनी गळ्यातला मफलर सोडला, त्यानं दोन्ही पाय नीट पुसले, आणि चप्पल घालून खळ्यात उतरले.