पाचर

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. कारखान्यात दत्तारामची तीन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली ती माझ्यामुळे.

काल विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संग्रहालयात तसलाच प्रेस पाहिला, हिरव्या रंगात चकचकीत. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "काका, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय हा चालतच नाही. म्हणजे बोटं सुरक्षित! काय हुशारी ना?"

माझं डोकंच फिरलं. हुशारी! आमच्या कारखान्यात एका बटणात मी, सुपरवायझरनं, लाकडी पाचर ठोकली होती, म्हणजे ते कायम दाबलेलंच राहील. एक हात मोकळा राहिला की माल भराभर निघायचा. दत्ताराम म्हणाला, "साहेब, भीती वाटते." मी म्हणालो, "मग बांगड्या भर." अपघातानंतर आधी पाचर उपटली आणि मग अहवालात लिहिलं : कामगाराचा निष्काळजीपणा. त्याचं कोणीच ऐकलं नाही.

इतका स्वच्छ पुसलेला इतिहास कुणासाठी मांडतात हे लोक? शोध लावणाऱ्याचं नाव पाटीवर आहे. पाचर ठोकणारा मात्र तिकीट काढून खुशाल हिंडतोय, आणि वर त्याला कोणी 'काका' म्हणतंय!

दत्तारामला घरचे अजून वेंधळा म्हणतात. त्याच्या घरी जाऊन, त्या सगळ्यांसमोर, चूक माझी होती हे सांगणं अजून बाकी आहे.