अन्नभेदीची बरणी

सोलापूरला जायचं ठरलं ते एका फोटोवरून. निर्मलाने तिच्या कामाच्या खोलीचा फोटो टाकला होता. दोरीवर काळ्या ओढण्या. खाली फळीवर बरणी आणि बरणीवर तिच्या अक्षरात एक शब्द : अन्नभेदी.

निर्मला आणि मी पुण्यात एकाच वर्गात नैसर्गिक रंगकाम शिकलो. तेव्हा तिचा हात माझ्यापेक्षा बरा नव्हता. लग्न करून ती सोलापूरला गेली आणि आता तिचा काळा रंग लोक नावाने मागतात. माझ्या ओढण्या घेणाऱ्या दुकानदार बाईंनी गेल्या महिन्यात माझा गठ्ठा परत पाठवला. म्हणाल्या, "हा करडा आहे. निर्मलासारखा काळा दिवाळीपर्यंत जमला तर बघू. नाहीतर तिच्याकडूनच घेते."

काळ्यासाठी आम्हाला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. अन्नभेदी कुणी सांगितली नव्हती. इंटरनेटवर शोधलं तर कानडी आणि तेलुगू अक्षरं समोर आली. संशय वाढला. तिला काहीतरी सापडलं होतं आणि तिने ते माझ्यापासून लपवलं होतं.

तिला कळवलं, सहज येतेय, चादरी घ्यायच्या आहेत.

स्वारगेटहून पहाटेची एसटी घेतली. भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसतं, त्यासाठी खिडकी धरावी. मी धरली होती, पण पाणी फारसं पाहिलं नाही. टेंभुर्णीला चहा. मोहोळनंतर सपाट, कोरडं रान. दुपारच्या आत सोलापूर. स्टँडबाहेर रिक्षाचं भाडं आधी ठरवा.

निर्मलाच्या सासूबाईंना घरात सगळे अव्वा म्हणतात. त्या अक्कलकोटकडच्या, बोलणं निम्मं कानडी. त्यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. चटणी खलबत्त्यातली, तेल सुटलेली. मी दोनदा मागून घेतली. हेही तिच्याकडे रोज असतं, असं मनात आलं.

"इथल्या पाण्यामुळे रंग चढत असेल," मी म्हणाले.

निर्मला हसली. "नळ चार-पाच दिवसांनी येतो. त्याचं पाणी रंगाला देऊ की प्यायला ठेवू?"

बरणीबद्दल विचारायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी चादरींचं निमित्त करून एकटीच बाजारात गेले. चादरी घेतल्या नाहीत. मंगळवार पेठेत एका जुन्या दुकानात हळू आवाजात अन्नभेदी मागितली.

"रंगाला पायजे का शेतीला?" दुकानदाराने विचारलं. "पिकाची पानं पिवळी पडली की फवारतात की."

त्याने पोत्यातून कागदावर ओतली. खडीसाखरेसारखे फिके हिरवे खडे.

"हे हिराकस आहे," मी म्हणाले.

"व्हय. तुमी हिराकस म्हणता, कानडी लोक अन्नभेदी म्हणत्यात. माल एकच."

पाव किलो घेतलं. दोन चहांइतके पैसे झाले. हेच खडे माझ्या पुण्याच्या स्वयंपाकघरात तीन वर्षं पडून होते.

पुडी पिशवीत खाली दडवली. तरी घरी अव्वांच्या हाताला लागलीच.

"हे काय आणलंस गं? घरात बरणीभर हाय की!" मग पुडी हुंगून म्हणाल्या, "नावात अन्न हाय म्हणून तोंडात घालू नकोस हं."

पुडीखाली माझी ओढणीही होती, गुपचूप रंग ताडून बघायला आणलेली. अव्वांनी ती दोन बोटांत धरून जराशी ताणली. ती टर्रकन फाटली.

"लई घातलंस," त्या म्हणाल्या. "जास्ती झालं की कापड खातंय ते."

मी मूठभर हिराकस घालून ओढणी तासभर उकळत असे. रंग चढला नाही तर आणखी एक मूठ.

 निर्मलाने मला आत कामाच्या खोलीत नेलं. हिरड्यात भिजवून वाळवलेलं पिवळट कापड घेतलं. बादलीभर पाण्यात जेमतेम चमचाभर हिराकस. कापड बुडवलं, ते करडं झालं. माझा रंग इथेच थांबायचा. तिने ते बाहेर काढून दोरीवर टाकलं. वारा लागला तसं ते गडद होत गेलं. मग धुतलं, पुन्हा हिरड्यात.

"असं किती वेळा?"

"काळं होईपर्यंत. सहा, कधी आठ. तुझे खडे पिवळे-तांबूस पडलेत का बघ. पडले असतील तर टाकून दे, आणि नवीन बरणीला घट्ट झाकण लाव. लिहून घे की सगळं."

मी लिहून घेतलं. तिने लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुण्यात आल्यावर बरणी उघडली. खडे गंजासारखे तांबूस. ते फेकले, सोलापूरची पुडी बरणीत ओतली. पहिली ओढणी सातव्या वेळी काळी झाली. ताणून पाहिली, फाटली नाही. दुकानदार बाईंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हं. आता निर्मलाच्या जवळ आलात." बारा ओढण्या सांगितल्या. त्यांच्या बोलण्यातला 'जवळ' हा शब्द मी अजून विसरलेले नाही.

परवा माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने विचारलं, "ताई, एवढा काळा कसा आला? काय घातलंत?"

"अन्नभेदी," एवढंच मी म्हणाले.

तिने तो शब्द वहीत लिहून घेतला. ती हा ब्लॉग वाचते, म्हणून इथे सगळं लिहिलं. तोंडाने सांगणं जमलं नाही.